एक मूल, पाच फायली

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हाडांच्या वाढीविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक बाई भेटायला आल्या. त्यांच्या वर्गात मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी होती. बाई म्हणाल्या, ‘‘गेल्या वर्षी ती खुर्चीत तासभर सहज बसायची. आता वीस मिनिटांत रडकुंडीला येते. आई म्हणते, सगळ्या डॉक्टरांना दाखवून झाले आहे. मग हे कुणाच्याच लक्षात कसे येत नाही?’’

पुढे त्या मुलीच्या आईशी आमची भेट झाली. त्यांच्या पिशवीत पाच फायली होत्या. एक फिट येण्यावरच्या औषधांची, एक डोळ्यांची, एक व्यायामोपचाराची, एक वाचा-उपचाराची आणि एक अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. पाचही नीट ठेवलेल्या होत्या. फक्त खुब्याचा एक्स-रे त्यांपैकी एकाही फायलीत नव्हता. तो काढल्यावर दिसले, की डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा त्याच्या खोबणीतून निम्म्याहून अधिक बाहेर आला आहे.

यात निष्काळजीपणा कुणाचा होता? तसे पाहिले तर कुणाचाच नाही. प्रत्येकाने आपापले काम केले होते. खुब्याकडे पाहणे मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हते.

इजा वाढत नाही, मूल वाढते

मेंदूचा पक्षाघात म्हणजे जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला झालेली इजा. दर हजार जन्मांमागे साधारणपणे दोन-तीन मुलांत ती आढळते. मेंदूतील ही इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढत असते, त्यामुळे इजेचे परिणाम वर्षागणिक बदलत जातात.

खुब्याचेच उदाहरण घेऊ. एका हाताची मूठ वळा आणि ती दुसऱ्या हाताच्या खोलगट केलेल्या तळव्यात बसवा. मूठ म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा, तळवा म्हणजे कमरेच्या हाडातील खोबण. तान्ह्या बाळात ही खोबण बरीचशी कूर्चेची आणि उथळ असते. मूल उभे राहू लागले, चालू लागले, की गोळा खोबणीत दाबला जातो आणि त्या दाबाने खोबण खोल होत जाते.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाचा खुबा जन्मताना बहुधा ठीक असतो. पण पुष्कळ मुलांत मांड्या आत आणि वर ओढणारे स्नायू सतत ताठ असतात. गुडघे एकमेकांकडे ओढले गेले, की तरफेप्रमाणे हाडाचे वरचे टोक बाहेर ढकलले जाते. त्यातच मूल उभे राहत नसेल, तर खोबण उथळच राहते. गोळा हळूहळू सरकत जातो. सुरुवातीला दुखत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही, एक्स-रेवर मात्र मोजता येते. गोळ्याचा किती भाग खोबणीबाहेर आहे, ते टक्केवारीत मांडतात. हा आकडा ३३ टक्क्यांच्या पुढे गेला तर सावध व्हायचे, ४० च्या पुढे गेला तर धोका मोठा समजायचा. १०० टक्के म्हणजे खुबा पूर्ण निखळला. मग मुलाला बसवणे, कूस बदलणे, स्वच्छता करणे, सारेच वेदनेचे होते.

धागे एकमेकांत अडकलेले

या मुलांच्या अडचणी वेगवेगळ्या विभागांत वाटून देता येतात, पण मुलाच्या शरीरात त्या वेगवेगळ्या नसतात. फिट येऊ नये म्हणून दिलेली काही औषधे शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्व लवकर संपवतात. ज्या मुलाची हाडे उभे न राहिल्याने आधीच नाजूक आहेत, ती आणखी ठिसूळ होतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाने गुंगी येऊ शकते, आणि वर्गात मूल ‘लक्ष देत नाही’ असे वाटते. बसण्याची ढब चुकली तर घास गिळणे अवघड होते. गिळणे अवघड झाले की वजन वाढत नाही, आणि दुबळ्या मुलाला शस्त्रक्रिया झेपत नाही. एका फायलीतील उत्तर दुसऱ्या फायलीतील प्रश्न होऊन बसते.

म्हणून सगळे कागद तरी एका जागी असावेत, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६७ साली ‘वैद्यकीय घर’ हा शब्द वापरला, तो याच अर्थाने. दीर्घकाळ आजारी मुलाची सर्व नोंद जेथे एकत्र मिळेल, ते त्याचे वैद्यकीय घर. कागदांबरोबर माणसेही एकत्र आली तर काय घडते, हे पुढे स्वीडनमध्ये दिसले.

दक्षिण स्वीडनमधील वीस वर्षे

१९९४ साली दक्षिण स्वीडनमध्ये अस्थिरोगतज्ज्ञ आणि पुनर्वसन केंद्रांतील मंडळींनी मिळून एक कार्यक्रम सुरू केला. त्यात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. त्या भागातील मेंदूचा पक्षाघात असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद करायची. व्यायामोपचारतज्ज्ञांनी सहा वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा आणि नंतर एकदा सांध्यांची हालचाल मोजायची, तीही सर्वांनी एकाच पद्धतीने आणि एकाच तक्त्यात. ज्यांना चालणे जमत नाही किंवा फार कठीण जाते, त्यांच्या खुब्याचा एक्स-रे तक्रार असो वा नसो, दरवर्षी काढायचा. आकडा वाढताना दिसला की वेळीच उपाय करायचा.

या कार्यक्रमाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १९९०-९१ मध्ये जन्मलेली मुले कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तीन-चार वर्षांची होती. तुलनेसाठी घेतलेल्या अशा १०३ मुलांपैकी ९ मुलांचे खुबे निखळले. १९९२ ते २००७ या काळात जन्मलेल्या ६८९ मुलांपैकी फक्त ४ मुलांचे निखळले. वर्गात त्रैराशिक मांडून पाहा. जुनेच प्रमाण राहिले असते, तर ६८९ मुलांत ही संख्या सुमारे ६० झाली असती. निखळलेल्या खुब्याच्या प्रत्येक मुलाने अधूनमधून का होईना, तीव्र वेदना होत असल्याचे सांगितले होते, हे लक्षात घेतले की ६० आणि ४ यांतील अंतराचा अर्थ कळतो.

याची किंमतही सांगायला हवी. त्या ६८९ मुलांपैकी ९१ मुलांवर खुबा निखळू नये म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. मेंदूची इजाही कुणाची बरी झाली नाही. टळले ते एवढेच, की कुणी पाहिले नाही म्हणून होणारे नुकसान. पुढे ही पद्धत स्वीडनभर गेली आणि नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड, स्कॉटलंड यांनीही ती स्वीकारली.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे अशी नोंद देशभर नाही. पण तिचा पाया घालता येईल अशी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. (तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते.) जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात होते. जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत ती पाहिली जाते. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे.

पथकाला शंका आली तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे असते. या केंद्राची कल्पना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, दृष्टी तपासणारे, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एका छपराखाली असावेत, म्हणजे आईला पाच दारे ठोठवावी लागणार नाहीत, असा तिचा हेतू आहे. प्रत्येक ठिकाणी सगळी पदे भरलेली असतातच असे नाही. तरीही विचारायचे कुठे, याचे उत्तर प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला माहीत असायला हवे.

शिक्षकाची वही

पथक शाळेत येते वर्षातून एकदा. तज्ज्ञ मुलाला पाहतात ते फार तर पंधरा-वीस मिनिटे. शिक्षक त्याला रोज पाच-सहा तास पाहतात. मूल बदलत असताना ते दिसण्याची सर्वांत मोठी संधी त्यांनाच असते. आम्ही भेटलो त्या बाईंनी एक्स-रे न पाहता खुबा ओळखला नव्हता. ‘गेल्या वर्षी तासभर, आता वीस मिनिटे’ एवढेच त्यांनी टिपले होते. शास्त्राच्या भाषेत हे मोजमापच आहे.

अशा मुलासाठी वहीचे एक पान ठेवावे. तारीख घालून काही साध्या गोष्टी लिहाव्यात. मूल किती वेळ आरामात बसते? उठवताना किंवा पाय हलवताना चेहरा वेडावाकडा होतो का? एक पाय आखूड वाटतो का? मांड्या पूर्वीपेक्षा घट्ट मिटलेल्या राहतात का? पेंग येते ती कोणत्या वेळी, औषध घेतल्यानंतर किती वेळाने? फिट आली तर किती मिनिटे टिकली? डबा खाताना ठसका लागतो का?

निदान करणे हे आपले काम नाही, आणि हे पान वर्गात वाचून दाखवण्याचेही नाही. ते पालकांच्या संमतीने ठेवावे आणि त्यांच्या हाती द्यावे. आईला एक प्रश्नही सुचवावा, ‘‘या सगळ्या फायली एकत्र वाचणारे कोण आहे?’’ उत्तर ‘कुणी नाही’ असे आले, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा केंद्रातील समाजसेवकांना ती जबाबदारी घेण्याची विनंती करता येते. सर्व फायलींवर एक कोरा कागद लावून त्यावर आजार, चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिली, तरी निम्मे काम होते.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली आणि ती पुन्हा वर्गात बसू लागली. मात्र हाड कापून बसवावे लागले, कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये गेले. दोन वर्षे आधी एक एक्स-रे निघाला असता, तर कदाचित स्नायूंवरच्या छोट्या शस्त्रक्रियेने भागले असते. तुमच्या शाळेत मेंदूचा पक्षाघात असलेले मूल असेल, तर त्याच्या खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधी काढला, एवढे या आठवड्यात त्याच्या पालकांना जरूर विचारा.