श्वासनाल नलिकानिवेशन, बालकांतील
श्वासनाल नलिकानिवेशन, बालकांतील : बालकाचा श्वास अपुरा पडला असता तोंडावाटे वा नाकावाटे, स्वरयंत्रातून श्वासनालात नळी बसवून फुप्फुसांना कृत्रिम रीत्या वायू पुरविण्याची क्रिया. तीव्र न्यूमोनिया, मेंदूस बाधणारा हिवताप, मण्यारीच्या दंशाने होणारा श्वसनस्नायूंचा अंगघात इ. कारणांनी चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तिची तातडीने गरज भासते. नळी बसविताना श्वसन बहुधा थांबलेले असते. त्यामुळे तेवढ्या काळात रक्तातील ऑक्सिजन टिकविणे, हा या क्रियेतील मुख्य प्रश्न होय.

शरीरक्रियावैज्ञानिक कारणे : विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती दर किग्रॅ. वजनामागे मिनिटाला ३ ते ४ मिलि. ऑक्सिजन वापरते, तर अर्भकास ६ ते ८ मिलि. लागतो. उलट, उच्छ्‌वासानंतर अर्भकाच्या फुप्फुसांत उरणारा वायूचा साठा अल्प असतो. आधी शुद्ध ऑक्सिजन दिलेला असल्यास श्वास थांबल्यावर निरोगी प्रौढाची ऑक्सिजन संपृक्तता ९० टक्क्यांवर येण्यास सु. ८ मिनिटे लागतात. सहा महिन्यांखालील निरोगी अर्भकात मात्र ती दीड ते दोन मिनिटांतच तेथवर घसरते. आजारी बालकात हा अवधी आणखी कमी असतो. संपृक्तता फार घसरली की नाडी मंदावते व अखेर हृदयक्रिया बंद पडते. यांशिवाय बालकाची जीभ मुखपोकळीच्या मानाने मोठी व डोक्याचा मागील भाग पुढे आलेला असल्याने श्वासमार्ग सहज अडतो. म्हणून अर्भकाच्या खांद्यांखाली कापडाची लहान घडी ठेवतात.

पद्धती : प्रथम घट्ट बसणाऱ्या मुखवट्याने सु. ३ मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. औषधांनी स्नायू शिथिल केल्यावर नळी बसेपर्यंत नाकावाटे ऑक्सिजनचा प्रवाह चालू ठेवतात व आवश्यकतेनुसार पिशवीने हलके श्वास देतात. पिशवी जोराने दाबल्यास वायू जठरात शिरून पोट फुगते. संपृक्तता घसरू लागताच प्रयत्न थांबवून पुन्हा मुखवट्याने श्वास देणे आवश्यक असते. नळी योग्य जागी असल्याची खात्री छातीची दोन्ही बाजूंची हालचाल, श्वासध्वनी आणि उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड यांवरून करतात.

मुखवट्याचे महत्त्व : बालक वाचते ते ऑक्सिजनमुळे, नळी हे तो पोचविण्याचे केवळ एक साधन होय. अमेरिकेतील लॉस अँजेल्स परिसरात रुग्णालयाबाहेर उपचार केलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या ८३० बालकांच्या पाहणीत (२०००) रुग्णवाहिका-सेवकांनी नळी बसविल्याने, पिशवी व मुखवटा वापरण्याच्या तुलनेत, जगण्याचे प्रमाण वाढले नाही, असे दिसून आले.

गडचिरोली जिल्ह्यातील अनुभव याच तत्त्वाला पुष्टी देतो. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात अर्भकांची निगा राखण्याचा प्रयोग केला. तेथे जन्मतः श्वास न घेणाऱ्या अर्भकांना प्रथम तोंडाने, पुढे नळी जोडलेल्या मुखवट्याने व शेवटी पिशवी-मुखवट्याने श्वास देण्यात आला. यांपैकी मुखवट्याची साधने गावातील प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताळीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र श्वासावरोध झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. नळी बसविणारा तज्ञ जवळ नसतानाही हे साध्य झाले.

रुग्णवहन : भामरागड हे गाव गडचिरोली शहरापासून दीडशे किमी.हून अधिक दूर असून पर्लकोटा नदीच्या पुरामुळे त्याचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. अशा प्रवासात ऑक्सिजनचा हिशेब आधी मांडावा लागतो. सु. १,५०० लि. वायू मावणारे सिलिंडर मिनिटाला १० लि. प्रवाहाने अडीच तासच पुरते. खडबडीत रस्त्यावर नळी निसटण्याचाही संभव असतो. म्हणून नळी बसविलेल्या बालकासोबतही आपोआप फुगणारी पिशवी व योग्य मापाचा मुखवटा ठेवणे अनिवार्य असते. सिलिंडर संपले, तरी ही पिशवी साध्या हवेवर चालते.