अपडेट मध्येच थांबलं? लगेच फॉरमॅट करू नका

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, लॅबमध्ये उबंटू असेल तर संध्याकाळी अपडेट लावून घरी जायचं, ही आपली नेहमीची पद्धत. सकाळी पडद्यावर एरर दिसला की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टीम गेली, नवीन टाका." नवीन टाकताना मुलांची वर्षभराची कामं पुसली जाऊ शकतात. आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

असं का? उबंटूमध्ये सॉफ्टवेअर बसवण्याचं मूळ काम 'डीपीकेजी' करतो. तो पॅकेज दोन टप्प्यांत बसवतो. आधी फाइली उलगडून जागेवर ठेवतो, मग त्यांची जुळणी करतो. कोणतं पॅकेज कुठवर आलंय, याची नोंद तो हजेरीपटासारखी ठेवतो. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी काय राहिलंय हे त्याला कळतं. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिलं की अर्धवट जुळणी पुरी होते. पॅकेजांचे एकमेकांवरचे आधार तुटले असतील, तर पुढे 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. (इथे उच्चार लिहिलेत, टाइप करताना इंग्रजीतली लहान अक्षरं वापरा.)

पण त्याआधी 'डीएफ -एच' देऊन डिस्कवर जागा आहे ना, ते बघा. जागाच नसेल तर वरच्या आज्ञाही अडतील. बूटचा भाग वेगळा असेल तर तो जुन्या कर्नेलांनी भरलेला सापडतो.

कधी कधी तर बिघाड नसतोच! आपण एखादी सेटिंगची फाइल बदललेली असते आणि नव्या पॅकेजात तिची नवी प्रत येते. मग "तुमची ठेवू की नवी घेऊ?" असं विचारून संगणक रात्रभर उत्तराची वाट बघत बसतो. नुसतं एंटर दाबलं तर सहसा आपली जुनी फाइल राहते. अपडेट लावतानाच '--फोर्स-कॉन्फडेफ' आणि '--फोर्स-कॉन्फओल्ड' हे पर्याय डीपीकेजीला दिले, तर या फाइलींसाठी तो थांबत नाही.

"लॉक मिळत नाही" असा संदेश आला तर लॉकची फाइल पुसायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दुसरं अपडेट मागे चालू असतं, म्हणूनच लॉक असतं. ते संपू द्या.

आणि नेमकं कुठे अडलं हे शोधायचं असेल, तर 'व्हार', 'लॉग', 'एपीटी' या फोल्डरांतून आत जाऊन 'टर्म डॉट लॉग' उघडा आणि शेवटून वर वाचत जा. रात्री पडद्यावर जे आलं, ते तिथे लिहिलेलं असतं.