दवाखान्याची गुणवत्ता व सुरक्षितता तपासणी: फोर्ट विल्यमची प्रश्नावली ते आजचा नोंदणी कायदा

१. प्रस्तावना

आपण घराजवळच्या दवाखान्यात जातो तेव्हा बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो. सुई नवी असेल, उपकरणे निर्जंतुक केलेली असतील, लस योग्य तापमानाला ठेवलेली असेल. यांतले बहुतेक रुग्णाला दिसत नाही आणि दिसले तरी त्याला ते पारखता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी ते पाहावे, हा तपासणीमागचा मूळ विचार आहे. या घटकात आपण तीन प्रश्न पाहू: तपासणीत नेमके काय पाहायचे असते, भारतात ती कोणत्या कायद्यांनी होते, आणि ती कुठे अपुरी पडते.

२. फोर्ट विल्यम: प्रश्नावलीतून तपासणी

कोलकात्याचा सध्याचा फोर्ट विल्यम प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ पासून बांधला गेला. आज तेथे भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. अलीकडे सैन्याने त्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव दिले. ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून घेतलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात ही बंगालमधली प्रमुख छावणी होती. भारतातील ब्रिटिश सैनिकांच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यानुसार या सैनिकांचा सरासरी वार्षिक मृत्युदर हजारी ६९ होता. हा दर कायम राहिला तर हजार जणांच्या पलटणीतले निम्म्याहून अधिक सैनिक दहा वर्षांत मरण पावतील. यांतले बहुतेक मृत्यू लढाईत झालेले नव्हते. ताप, हगवण, कॉलरा आणि यकृताचे विकार ही त्यांची कारणे होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधीही भारतात आल्या नाहीत, तरी या कामात त्यांचा वाटा मोठा होता. देशभरच्या छावण्यांना छापील प्रश्नावली पाठवण्यात आली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत आणि रुग्णालयात माणशी जागा किती, असे प्रश्न त्यात होते. सर्वांना तेच प्रश्न विचारल्यामुळे छावण्यांची तुलना करता आली. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले.

या पद्धतीत एक उणीव होती. उत्तरे छावणीतलेच अधिकारी भरत असत. ज्याची तपासणी करायची त्यालाच उत्तर लिहायला सांगितले, तर उत्तर कितपत विश्वासार्ह असेल? हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

३. रचना, प्रक्रिया आणि फलित

१९६६ मध्ये अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी आरोग्यसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी असे मांडले. इंजेक्शनचे उदाहरण घेऊ.

रचना: दवाखान्यात पुरेशा नव्या सुया, सुई नष्ट करण्याचे यंत्र आणि पात्र कर्मचारी आहेत का?
प्रक्रिया: प्रत्येक रुग्णाला प्रत्येक वेळी नवी सुई वापरली जाते का? वापरलेली सुई लगेच नष्ट होते का?
फलित: इंजेक्शननंतर गळू किंवा संसर्ग किती जणांना झाला?

रचना एका भेटीत मोजता येते. प्रक्रिया पाहायला नोंदी तपासाव्या लागतात, कर्मचाऱ्यांशी बोलावे लागते, कधी न कळवता जावे लागते. फलितासाठी आकडेवारी लागते आणि लहान दवाखान्यात ती सहसा ठेवली जात नाही. त्यामुळे बहुतेक तपासण्या रचनेपाशीच थांबतात.

४. भारतातील कायदे

आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने चित्र एकसारखे नाही.

केंद्रीय कायदा: वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व नियमन) कायदा, २०१० मध्ये एका डॉक्टरचा दवाखानाही येतो. मात्र तात्पुरती नोंदणी पूर्वचौकशीशिवाय मिळते. सैन्यदलांच्या आस्थापना या कायद्यातून वगळल्या आहेत. म्हणजे फोर्ट विल्यमसारख्या लष्करी तळावरील वैद्यकीय कक्ष हा कायदा पाहत नाही; ते सैन्याच्या स्वतःच्या यंत्रणेखाली येतात.

पश्चिम बंगाल: राज्याने केंद्रीय कायदा न स्वीकारता २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि नियामक आयोग नेमला. दर, पारदर्शकता आणि रुग्णांच्या तक्रारी यांवर त्याचा भर आहे.

महाराष्ट्र: येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पण हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. फक्त बाह्यरुग्ण पाहणारा गल्लीतला दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. अशा दवाखान्याला जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ लागू होतात. सोनोग्राफी यंत्र असल्यास गर्भलिंग निदानविरोधी कायदा लागू होतो. आणि डॉक्टरची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी लागते. कचरा, यंत्र आणि पदवी यांची तपासणी वेगवेगळ्या यंत्रणा करतात. संपूर्ण दवाखाना मात्र कोणीच पाहत नाही.

५. तपासणी कुठे अपुरी पडते?

दोन घटना लक्षात घ्या. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयात पहाटे आग लागली. सुमारे ९० जण मरण पावले, बहुतेक धुराने गुदमरून. आग तळघरात साठवलेल्या सामानातून भडकली होती. ते तळघर मोकळे करण्याची सूचना अग्निशमन विभागाने काही महिने आधीच दिली होती. म्हणजे तपासणी झाली होती आणि दोषही सापडला होता. राहून गेला तो पाठपुरावा.

२०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या अभ्यासात असुरक्षित इंजेक्शनशी या संसर्गाचा संबंध दिसला. एकच सिरिंज पुन्हा वापरणे हा प्रक्रियेतला दोष आहे. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून तो कळत नाही.

तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथील केअर क्वालिटी कमिशन कुटुंब डॉक्टरांच्या दवाखान्यांबाबत पाच प्रश्न विचारते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आस्थेने दिली जाते का, रुग्णांच्या गरजांना प्रतिसाद देते का, आणि नेतृत्व चांगले आहे का. निष्कर्ष श्रेणीसह जाहीर होतो. त्यामुळे तो फाइलीत न राहता रुग्णाच्या हाती येतो.

६. सारांश

नोंदणी आणि तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखाना अस्तित्वात आहे एवढेच नोंदणी सांगते. तो सुरक्षित आहे का, हे तपासणीने सांगायचे असते. त्यासाठी चार गोष्टी लागतात: सर्वांना समान प्रश्न, बाहेरचा तपासनीस, सापडलेल्या दोषाचा ठरावीक मुदतीत पाठपुरावा, आणि जाहीर निष्कर्ष. यांतली पहिली गोष्ट १६० वर्षांपूर्वीच्या प्रश्नावलीत होती. गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत उरलेल्या तिन्ही पोहोचवणे अजून बाकी आहे.

स्वाध्याय

१. रचना, प्रक्रिया व फलित यांतील फरक लसीकरणाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही नोंदणी बंधनकारक असावी का? लहान डॉक्टरांवर पडणारा खर्च व कागदपत्रांचा बोजा लक्षात घेऊन दोन्ही बाजू मांडा.
३. आपल्या परिसरातील दवाखान्यासाठी दहा प्रश्नांची तपासणी सूची तयार करा. त्यांतले निदान पाच प्रश्न प्रक्रियेविषयी असावेत.