अटिलाचा एत्सेल, आणि क्रीमहिल्डचं स्त्रीधन

आज आम्ही एका नावाची गोष्ट सांगणार आहोत. नाव परकं आहे, पण गोष्ट ऐकलीत तर ओळखीची वाटेल.

इ.स. १२०० च्या सुमाराला जर्मन भाषेत ‘निबेलुंगेनलीड’ नावाचं मोठं काव्य रचलं गेलं. कवी कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यात हूणांचा एक बलाढ्य राजा येतो, त्याचं नाव एत्सेल. हा एत्सेल म्हणजे इतिहासातला अटिला. खरा अटिला इ.स. ४५३ मध्ये वारला, म्हणजे काव्याच्या सातशे-साडेसातशे वर्षं आधी.

मग अटिलाचा एत्सेल कसा झाला? आपल्याकडे विठ्ठलाचा इठ्ठल होतो ना, तसाच. बोलता बोलता. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत जुन्या ‘ट्ट’चा ‘त्स’ झाला. इंग्रजीत मांजराला कॅट म्हणतात आणि जर्मनमध्ये कात्से, तोच हा फरक. शिवाय पुढे ‘इ’ आला की आधीचा ‘अ’ ‘ए’कडे झुकतो. तिकडे आइसलँडच्या जुन्या कथांत हाच राजा आट्ली म्हणून येतो.

गंमत म्हणजे मूळ अटिला हे नावही हूणांचं नसून गॉथ लोकांच्या भाषेतलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. गॉथही जर्मन कुळातलेच. त्यांच्या भाषेत ‘अट्टा’ म्हणजे बाप, आणि ‘इला’ हे लाडाचं शेपूट. म्हणजे झालं काय, तर बापू! ज्याच्या धाकाने रोमचं साम्राज्य हादरलं, त्याचं नाव बापू.

नावाबरोबर माणूसही बदलला. आट्ली लोभी आहे, सोन्यासाठी बायकोच्या भावांचा जीव घेतो. एत्सेल मात्र उदार, पाहुण्यांचं अगत्य करणारा. माणूस एकच, पण सांगणारे वेगळे.

आम्हाला त्या काव्यात जास्त जवळची वाटली ती त्याची बायको, क्रीमहिल्ड. तिचा पहिला नवरा सिगफ्रीड. त्याला हागेन नावाच्या सरदाराने दगा देऊन मारलं, आणि हा हागेन तिच्या भावाच्याच पदरचा. नवऱ्याने तिला मोठा खजिना दिलेला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला भेट द्यायची, अशी तिकडे रीत होती, आणि ती भेट बायकोच्या हक्काची. तिचं स्त्रीधनच म्हणा. खजिना वाहून आणायला बारा गाड्यांना चार दिवस लागले, असं कवी सांगतो. विधवा क्रीमहिल्ड त्यातून हात सैल सोडून दानधर्म करू लागली. माणसं तिच्या बाजूला वळतील, या भीतीने हागेनने तो हिसकावून ऱ्हाईन नदीत बुडवला. भावांनी हागेनला धड अडवलंही नाही.

आपल्या गटात दागिन्यांचा विषय निघाला की बायका गप्प होतात. दागिने तिचे, पण किल्ली सासूकडे किंवा दिराकडे. म्हणून इथे एक सांगून ठेवतो. आपल्याकडे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईचीच. सासरच्यांकडे ते सांभाळायला दिलं, म्हणून ते त्यांचं होत नाही.

क्रीमहिल्डला कुठलं न्यायालय! तिने एत्सेलशी लग्न केलं ते सूड घ्यायचं बळ मिळावं म्हणून. व्हिएन्नात सतरा दिवस सोहळा चालला. पुढे कैक वर्षांनी तिने माहेरच्यांना आवतण धाडलं आणि एत्सेलच्या वाड्यात रक्ताचे पाट वाहिले. तिचा लहानगा मुलगाही त्यात गेला. शेवटी तिने हागेनला खजिना कुठे आहे ते विचारलं. त्याने सांगितलं नाही. तिने सिगफ्रीडच्या तलवारीने त्याचं डोकं उडवलं आणि लगेच तिलाही मारण्यात आलं. एत्सेल रडत मागे राहिला.

खरा अटिला मेला तो लग्नाच्या रात्री. त्या नवरीचं नाव इल्डिको, तेही जर्मन वळणाचं. ‘हिल्ड’ म्हणजे लढाई. क्रीमहिल्डच्या नावात तेच ‘हिल्ड’ आहे, म्हणून काही अभ्यासक या दोघींचा धागा जुळवून पाहतात.