टीव्हीला पोर्ट दोन, घरात डबे चार! एचडीएमआय स्विच घ्यायचा तर कोणता?

खारघरमधल्या एखाद्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये डोकावून पाहा. भिंतीवर टीव्ही, त्याच्याखाली डीटीएचचा किंवा केबलचा सेट-टॉप बॉक्स, बाजूला वायफायच्या जोडणीसोबत आलेला दुसरा डबा, मुलांचा गेमिंग कन्सोल आणि शनिवार-रविवारी सिनेमा लावण्यासाठी ऑफिसचा लॅपटॉप. टीव्हीच्या मागे मात्र एचडीएमआयची भोकं दोन, फार तर तीन. ३२ इंची स्मार्ट टीव्हीत तर बहुधा दोनच.

यावर घरोघरी एकच उपाय चालतो. एक वायर काढायची आणि दुसरी लावायची. टीव्ही टेबलावर असायचा तेव्हा हे जमून जायचं. आता टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो, मागे चार बोटंही शिरत नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून, अंदाजाने, वाकड्या हाताने पिन खुपसली जाते. एचडीएमआयच्या पिनेत १९ बारीक संपर्कबिंदू असतात. त्यातलं एक वाकलं किंवा पोर्ट आतून सैल झाला, की चित्र कधी येतं, कधी जातं. हा पोर्ट टीव्हीच्या मुख्य बोर्डावरच झाळलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे अनेकदा बोर्डालाच हात घालावा लागतो. शिवाय पिन खुपसताना झालेली मोडतोड साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. काही शे रुपयांचा स्विच घ्यावा की नाही, हा प्रश्न खरं तर इथून सुरू होतो.

हा डबा नेमकं करतो काय?

सीएसएमटीहून येणारी पनवेल लोकल आणि ठाण्याहून येणारी पनवेल लोकल जुईनगरच्या पुढे एकाच मार्गावरून खारघरला येतात. दोन दिशांच्या गाड्या, पण रुळावर एका वेळी एकच. एचडीएमआय स्विचचं काम असंच आहे. तीन, चार किंवा पाच उपकरणं त्याला जोडायची, त्यातून एक वायर टीव्हीला न्यायची आणि बटण दाबून कोणतं चित्र हवं ते निवडायचं. टीव्हीच्या मागचा पोर्ट मग एकदाच जोडला जातो आणि तिथे पुन्हा हात घालावा लागत नाही.

दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘स्विच’ आणि ‘स्प्लिटर’ यांच्यात. दोन्ही डबे दिसायला जवळपास सारखे आणि काउंटरवरचा मुलगाही कधी कधी एकाऐवजी दुसरा हातात देतो. स्प्लिटरचं काम उलटं असतं. एका सेट-टॉप बॉक्सचं चित्र तो दोन किंवा चार टीव्हींवर दाखवतो. त्याला उलटं जोडून दोन डबे एका टीव्हीला लावू म्हटलं तर काहीच होत नाही. खोक्यावर आत येणाऱ्या वाटा किती आणि बाहेर जाणाऱ्या किती, हे वाचून घ्या. आत तीन, बाहेर एक म्हणजे स्विच. आत एक, बाहेर दोन म्हणजे स्प्लिटर. दोन्ही दिशांनी चालणारा, दोन वाटांचा छोटा ‘बाय-डायरेक्शनल’ स्विचही मिळतो. पण तोही एका वेळी एकच वाट चालू ठेवतो, दोन टीव्हींवर एकदम चित्र देत नाही.

जोडलं सगळं, तरी पडदा काळा का?

एचडीएमआयचा पहिला मसुदा डिसेंबर २००२ मध्ये आला. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या कंपन्यांनी मिळून तो तयार केला होता. त्याआधी चित्राची पिवळी आणि आवाजाच्या लाल-पांढऱ्या अशा तीन वायरी लावाव्या लागत. त्या वायरी मुक्या होत्या. येईल ते चित्र पुढे ढकलायच्या. एचडीएमआयची वायर बोलते, आणि निम्म्या तक्रारी त्या बोलण्यातूनच निघतात.

जोडणी होताच टीव्ही आपली ओळख सांगतो. माझा पडदा इतक्या रेषांचा, मला इतक्या वेगाने चित्र चालेल, आवाज असा चालेल. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. ते वाचून सेट-टॉप बॉक्स किंवा कन्सोल त्याला झेपेल असं चित्र पाठवतो. मध्ये स्विच आला की हे ओळखपत्र त्याच्यातून पुढे जावं लागतं. स्वस्तातला स्विच वाट बदलताना इथेच अडखळतो. चित्र यायला पाच-सात सेकंद लागतात, रंग गुलाबी किंवा हिरवट दिसतात किंवा ‘नो सिग्नल’ झळकतं.

दुसरी बोलणी कुलपाची. एचडीसीपी ही इंटेलने तयार केलेली नक्कलरोधक पद्धत. सिनेमा पाठवणारं उपकरण, मधला डबा आणि टीव्ही अशा प्रत्येक कडीला कुलपाची किल्ली ठाऊक असावी लागते. फोर-के दर्जाच्या ओटीटी चित्रासाठी साधारणपणे एचडीसीपी २.२ लागतं. साखळीतली एक कडी जुनी असली, की चित्र एकतर खालच्या दर्जाचं येतं किंवा पडदा काळा राहतो आणि आवाज मात्र येत राहतो. लॅपटॉपवरचे लग्नाचे फोटो स्विचमधून छान दिसतात, पण त्याच लॅपटॉपवरची ओटीटी मालिका दिसत नाही, अशी तक्रार असेल तर वायर बदलत बसू नका. दोष बहुतेक वेळा या कुलपाचा असतो.

खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलंय, तेवढं पुरे का?

नाही. इथे थोडं गणित करायला हरकत नाही. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. दर सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर फुल एचडीला वायरीतून सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट माहिती जावी लागते आणि फोर-केला जवळपास १८ गिगाबिट. मात्र फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर आणलं, तर नऊ गिगाबिटमध्ये भागतं.

स्वस्त स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘फोर-के’ पुष्कळदा हे ३० चित्रांचं असतं. तो २००९ च्या एचडीएमआय १.४ वर बेतलेला असतो. त्याची क्षमता १०.२ गिगाबिट. ६० चित्रांसाठी २०१३ चा एचडीएमआय २.० लागतो, त्याची क्षमता १८ गिगाबिट. सेट-टॉप बॉक्सच्या एचडी वाहिन्यांसाठी पहिला प्रकार भरपूर झाला. क्रिकेटच्या सामन्याचं फोर-के प्रक्षेपण किंवा नव्या कन्सोलवरचे खेळ पाहायचे तर ३० वर चेंडू आणि हालचाली तुटक दिसतात. फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा हवं असेल, जे प्लेस्टेशन ५ देऊ शकतो, तर २०१७ चा एचडीएमआय २.१ आणि ४८ गिगाबिटचा हिशोब येतो. तसे स्विच महाग असतात. आमच्या मते अशा घरात कन्सोल थेट टीव्हीच्या पोर्टला जोडावा आणि उरलेली मंडळी स्विचवर बसवावीत. दोन-तीन हजारांचा डबा घेऊन तो अडखळतो का, हे तपासत बसण्यापेक्षा हे बरं.

वायरचंही तेच. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशी प्रमाणपत्रं असतात. खोक्यावर त्याचं लेबल असतं आणि ते मोबाइलवर स्कॅन करून पडताळता येतं. सोनेरी मुलामा चढवलेली टोकं दिसायला छान, पण त्यांनी क्षमता वाढत नाही.

बटणाचा, आपोआप चालणारा की रिमोटचा?

घरात कोण कोण टीव्ही पाहतं, यावर हे ठरवावं. आपोआप बदलणारा स्विच जे उपकरण नव्याने चालू होईल त्याच्याकडे वळतो. ऐकायला सोयीचं आहे. पण काही स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स बंद केल्यावरही पूर्ण झोपत नाहीत, वायरीतून थोडी वीज देत राहतात. स्विचला वाटतं, उपकरण चालूच आहे. महावितरणची वीज जाऊन परत आली की सगळे डबे एकदम जागे होतात. मग स्विच कोणाकडे वळेल ते सांगता येत नाही. नातू शाळेत, मुलगा-सून ऑफिसात आणि आजी एकट्या मालिकेची वेळ गाठून बसलेल्या असतील, तर समोर मालिकेऐवजी कन्सोलचा निळा पडदा येतो.

म्हणून ज्येष्ठ मंडळींच्या घरात रिमोटचा किंवा ठळक बटणाचा, प्रत्येक वाटेचा वेगळा दिवा असलेला स्विच घ्यावा. दिव्याखाली मार्करने ‘केबल’, ‘गेम’, ‘लॅपटॉप’ असं लिहून टाकावं. काही स्विचसोबत रिमोटचा छोटा डोळा वेगळ्या वायरीवर मिळतो. डबा टीव्ही युनिटच्या आत ठेवून तो डोळा बाहेर चिकटवता येतो. सनमायकाच्या बंद कपाटामागे ठेवलेला स्विच रिमोटला दाद देत नाही, हे सुताराला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वेगळा अडॅप्टर असलेला स्विच शक्यतो घ्यावा. अडॅप्टर नसलेले स्विच जोडलेल्या उपकरणाकडून मिळणाऱ्या जेमतेम विजेवर चालतात. वायर छोटी असेल तर ते निभावतात. पण उपकरणापासून स्विचपर्यंत दोन मीटर आणि तिथून टीव्हीपर्यंत पाच मीटर असं अंतर झालं, की चित्रात ठिणग्या दिसू लागतात.

साउंडबार असेल तर?

टीव्हीच्या एका पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे नेणारा तो पोर्ट आहे. स्विच तिथे लावू नका. बहुतेक साधे स्विच आवाज मागे पाठवत नाहीत, आणि मग बार बिघडला असं वाटून सर्व्हिस सेंटरला फोन जातो. बार एआरसीवर आणि स्विच दुसऱ्या पोर्टवर. बाराला स्वतःचे दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतील, तर वेगळ्या स्विचची गरजच पडत नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये हेच चालेल?

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना इथून जवळच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. असे सामने क्लब हाउसच्या प्रोजेक्टरवर सगळ्यांनी मिळून पाहायचे असतात. गणेशोत्सवात त्याच प्रोजेक्टरवर मुलांच्या कार्यक्रमाचा लॅपटॉप लागतो आणि सर्वसाधारण सभेत हिशेबाच्या स्लाइड. इथे स्विच खरोखर उपयोगी आहे. अडचण अंतराची आहे. प्रोजेक्टर छताला आणि लॅपटॉप व्यासपीठावर, मध्ये १५ मीटर. साधी तांब्याची वायर एवढ्या लांब फोर-के नेऊ शकत नाही. ऑप्टिकल एचडीएमआय वायर लागते, आणि तिला दिशा असते. एक टोक उपकरणाचं, दुसरं पडद्याचं. पाइपमध्ये ओढण्यापूर्वी टोकं तपासली नाहीत, तर सगळी वायर पुन्हा उपसावी लागते. प्रोजेक्टर फुल एचडीचाच असेल, तर फोर-केचा महागडा स्विच घेण्यात समितीने पैसे घालवू नयेत.

घरून काम करणाऱ्यांनी आणखी एक फरक लक्षात घ्यावा. एका मॉनिटरवर ऑफिसचा आणि स्वतःचा असे दोन लॅपटॉप लावायचे असतील, तर एचडीएमआय स्विच फक्त चित्र आणि आवाज बदलतो. कीबोर्ड आणि माउसही सोबत बदलायचे तर ‘केव्हीएम’ स्विच मागावा.

खरेदीपूर्वी काय तपासाल?

आधी टीव्हीच्या मागे मोबाइल नेऊन फोटो काढा. किती पोर्ट रिकामे आहेत, कशावर एआरसी लिहिलंय ते दिसेल. टीव्हीतच ओटीटीची ॲप असतील, तर वेगळी स्टिक काढून टाकता येते का पाहा. एक पोर्ट तिथेच मोकळा होतो आणि स्विचचा खर्च वाचतो. मग प्रत्येक उपकरण एकेक करून थेट टीव्हीला जोडून बघा. थेट जोडूनही जे दिसत नाही, ते स्विचमधूनही दिसणार नाही.

खारघरमधल्या मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानांत साधे स्विच मिळतात. निवडीला वाव हवा असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. ऑनलाइन घेताना माल परत करण्याची मुदत किती दिवसांची ते पाहा, आणि त्या मुदतीत सगळी उपकरणं आळीपाळीने लावून निदान एक अख्खा सिनेमा आणि एक सामना बघून टाका. डबा चालू राहून तापला की मग कुठे काही स्विचचं चित्र लुकलुकायला लागतं.