मोटारीच्या नाकावरची पाटी

नंबरची पाटी मागे लावायला कोणाची हरकत नसते. तंटा असतो तो पुढच्या पाटीचा. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने नंबर सक्तीचा केला आणि १९०४ पासून गाड्या पाट्या मिरवू लागल्या. उभ्या रेडिएटरच्या त्या काळच्या गाड्यांना त्याचे ओझे वाटले नाही. पण १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ‘ई-टाइप’ अवतरली आणि पंचाईत झाली. विमानांच्या कारखान्यात घडलेल्या माल्कम सेयर यांनी तिची अंगलट आखली होती. लांबलचक बॉनेट, पुढे अंडाकृती तोंड. पाटीला सपाट जागा म्हणून नाही! तोंडावर लावावी तर रेडिएटरचा वारा अडतो. खाली टांगावी तर हे बॉनेट उघडताना पुढे कलंडते. तेव्हा पाटी आडवी येता कामा नये.

यावर तोड मोठी झकास निघाली. वेगळी पाटीच नको, नंबर बॉनेटवरच चिकटवा! जिनिव्हाला गेलेल्या ‘९६०० एचपी’ या गाडीच्या नाकावर तो तसाच दिसतो, आणि मला तर तो कुंकवासारखा शोभून दिसतो.

जिथे सुटी पाटी लावणे भागच आहे, तिथे माझे एकच मागणे: पत्र्याला भोक पाडू नका. भोकातून पाणी शिरते, गंज धरतो; पुढे ते बुजवले तरी जुना रंग जुळवता जुळवता मालकाचे केस पिकतात. मूळच्याच बोल्टांना पट्टी अडकवावी, मध्ये रबर घालावे, आणि चार मैल फिरवून तापमानाचा काटा पाहावा.