जुने लोखंडी कॅन : तेलाचे व पाण्याचे

ज्याच्या शेतांत इंजिन किंवा फवारणीचें यंत्र आहे, त्याच्या खोपटांत वीस लिटरांचा एखादा जुना लोखंडी कॅन हमखास सांपडतो. असा कॅन मोडीच्या बाजारांतून आणून दुरुस्त करण्यांत काटकसर आहे यांत शंका नाहीं; परंतु त्यासंबंधींचे कांहीं गैरसमज जिवावर बेतणारे आहेत.

या कॅनचा मूळ नमुना सन १९३७ च्या सुमारास जर्मन लष्करासाठीं तयार झाला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत ब्रिटिश सैन्याचे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे गळून तेल वाया जाई. म्हणून ब्रिटिशांनीं शत्रूचाच नमुना उचलला, व जर्मनांस ते ‘जेरी’ म्हणत त्यावरून त्यास जेरीकॅन नांव पडलें. पाण्याच्या कॅनवर जर्मन लोक पांढरी फुली रंगवीत. ऐन रणधुमाळींत त्यांनीं पाळलेली ही दक्षता आपण घरीं स्वस्थ बसून पाळीत नाहीं!

तेलाचा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यास घेऊं नये. गुरांसही त्यांतून पाजूं नये. सांध्यांत तेल राहतेंच, शिवाय आपल्या देशांत सन २००० पर्यंत पेट्रोलांत शिसें मिसळलेलें असे.

‘रिकामाच तर आहे’ असें म्हणून गळका कॅन डाग देण्यास नेणें याहून घातक. भरलेल्या कॅनपेक्षां रिकामा अधिक भयंकर, कारण आंत राहिलेली तेलाची वाफ हवेंत मिसळून एका ठिणगीसरशी भडकते. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराचे दोन्ही हात याच कामीं भाजले; आदल्या दिवशीं त्यानें तो कॅन साबणानें धुतला होता. गळका कॅन मोडींतच द्यावा.

गंज काढणें मात्र सोपें आहे. उघड्या जागीं, विस्तवापासून दूर, उरलेलें तेल काढून कॅन धुण्याच्या सोड्यानें तीनदां विसळावा. मग ओंजळभर खडे व पाणी घालून खूप हालवावा, आणि लिंबाचें सत्त्व विरघळविलेलें पाणी रात्रभर भरून ठेवावें. सकाळीं सोड्याच्या पाण्यानें आंबटपणा मारावा. झाकणास तेलांत टिकणारें नवें रबर बसवून, पाणी भरून कॅन कोरड्या कागदावर पालथा ठेवावा, म्हणजे गळती कळते. नंतर उन्हांत लगेच वाळवून आंत थोडें डिझेल फिरवावें. येथें आळस केला कीं पुन्हां तांबडा थर चढतो.

दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें कायद्याचें सांगणें ओघानेंच आलें. सन १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें, विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्याशिवाय तीस लिटरांपर्यंतच बाळगतां येतें, व धातूचें भांडें पंचवीस लिटरांहून मोठें चालत नाहीं. कॅनवर ‘पेट्रोल’ किंवा ‘डिझेल’ असें ठळक रंगवावें, आणि पाण्याचा कॅन त्या खोपटांत ठेवूंच नये.